आगट्यांचा दस्ता

‘जवळजवळ’ हा शब्द डॉ. आगट्यांसमोर उच्चारायची सोय नव्हती. "जवळजवळ झालंच," असं कुणी म्हणालं की ते हातातलं काम थांबवत, चष्म्याच्या वरून बघत आणि विचारत, "जवळ म्हणजे कुठे? रीडिंगजवळ की स्लाऊजवळ?" इंग्रज नर्सना हाच प्रश्न इंग्रजीत विचारला जाई. नवीन आलेली एखादी पोर गोंधळून "रीडिंग, आय थिंक" असं उत्तर देऊन बसायची. मग ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांचा दिवस मजेत जायचा, तिचा सोडून.

मी त्यांच्याबरोबर पुष्कळ वर्षं काम केलं. मी भूल देणारी, ते हाडं बसवणारे. आमच्यामध्ये हिरव्या कापडाचा पडदा. पेशंटच्या डोक्याकडच्या बाजूला मी, पलीकडे ते. त्यामुळे त्यांचं काम मला दिसायचं कमी आणि ऐकू यायचं जास्त. नवा खुबा बसवायच्या आधी मांडीच्या हाडात कानस ठोकून पोकळी कोरतात. कानस सैल असेल तोवर हातोडीचा आवाज बोदा येतो, नीट बसली की खणखणीत. आगटे प्रत्येक ठोक्यानंतर मान तिरकी करून ऐकत. "बसलं पाहिजे, अडकता कामा नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बसणं आणि अडकणं यातला फरक ते शिकाऊ डॉक्टरांना तासन् तास समजावून सांगत, आणि ती पोरं माना डोलवत घड्याळाकडे बघत.

आमचं ते छोटं हॉस्पिटल इंग्लंडात, रीडिंग आणि बेसिंगस्टोकच्या मध्ये कुठेतरी होतं. आता तिथे विटांची एकसारखी घरं उभी आहेत. आगटे तिथे असोसिएट स्पेशालिस्ट होते. म्हणजे काम कन्सल्टंटचं, पण नाव, दालन आणि ऑपरेशनची लिस्ट दुसऱ्याची. कन्सल्टंट व्हायची त्यांची गाडी केव्हाच चुकली होती. का चुकली हे विचारायची गरज आमच्यापैकी कुणालाच नव्हती. ते कारण रोज सकाळी आरशात दिसायचं, कातडीच्या रंगात. त्यांच्या हाताखाली हातोडी धरायला शिकलेली पोरं दुसरीकडे कन्सल्टंट होत आणि ख्रिसमसच्या पार्टीत येऊन त्यांच्याच पाठीवर थाप मारून "हॅलो, डॅटी!" म्हणत. दत्तात्रयाचा डॅटी झाला होता. ते हसून "हॅलो" म्हणत आणि खिशातून लिंबू काढत.

लिंबाचं सांगायचं राहिलं. आगट्यांच्या कोटाच्या खिशात चांदीच्या कागदात गुंडाळलेलं अर्धं लिंबू कायम असे. डब्यातल्या पोह्यांवर, कँटीनच्या डाळीवर, अगदी हॉस्पिटलच्या टोमॅटो सूपवरही ते पिळलं जाई. पार्टीतल्या चिप्सवर व्हिनेगर नाकारून त्यांनी लिंबू पिळलं, तेव्हा आमचे बॉस मिस्टर विल्यम्स म्हणाले, "तू सोबत सगळंच आणतोस का?" आगटे म्हणाले, "जिथे काही मिळायची खात्री नसते तिथे आणतो." विल्यम्सना ते लिंबाबद्दलच वाटलं.

या शाकाहारी माणसाला रायफलचा नाद आहे हे मला कळलं ते मंडळाच्या गणपतीत. आरती सुरू झाली तरी आगट्यांचा पत्ता नाही. शेवटच्या कडव्याला ते आले ते कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेलं जाड कॅनव्हासचं जाकीट घालून, गुडघ्याला चिखल लावून. कुणी तरी विचारलं, "अहो डॉक्टर, शिकारीला गेला होतात की काय?" ते म्हणाले, "कागदाच्या." कॉलेजात एनसीसीत असताना त्यांना नेमबाजीची गोडी लागली होती. इथे आल्यावर गळपट्टीचं हाड मोडलेला डेरेक नावाचा एक गणिताचा मास्तर त्यांच्याकडे आला आणि बरा झाल्यावर त्यांना आपल्या क्लबात घेऊन गेला. खडूच्या टेकडीत कोरलेली जुनी रेंज होती ती. दर रविवारी तिथे ओल्या सतरंजीवर पालथं पडून हा माणूस लांबच्या कागदावर गोळ्या झाडायचा. घरात कोळी दिसला तर तो पेल्यात धरून बागेत सोडायचा.

रायफल घरात ठेवायची तर पोलिसांच्या नियमाप्रमाणे पोलादी कपाट लागतं, आणि ते पक्क्या विटांच्या भिंतीला बोल्टने आवळावं लागतं. त्यांचं नव्या इस्टेटमधलं घर म्हणजे आतून सगळा पुठ्ठ्याचा कारभार. विटांची भिंत एकच, जिन्याखालची, आणि तिथे सुलभावहिनींचा देव्हारा. दोघांची बरीच जुंपली म्हणे. शेवटी वर देव आणि खाली रायफल अशी वाटणी झाली. तपासायला आलेल्या पोलीस अधिकाऱ्याला वहिनींनी दारातच बूट काढायला लावले. तो बिचारा भोकं पडलेल्या मोज्यांनी जिन्याखाली ओणवा होऊन बोल्ट हलवून बघत होता. त्यांची मुलगी रेवा तेव्हा शाळेत होती. ती मैत्रिणींना सांगायची, "आमच्या गणपतीला आर्म्ड गार्ड आहे."

खंडेनवमीला त्या जिन्याखाली मोठा थाट असे. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. आगट्यांची हत्यारं म्हणजे त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली एक हातोडी, दोन छिन्न्या आणि रायफल. वहिनी सगळ्यांना हळदकुंकू लावीत, झेंडूऐवजी बागेतलं जे काही पिवळं मिळेल ते वाहत, आणि आगटे सोवळं नेसून हात जोडून उभे राहत. देवाला हात जोडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. हातोडीला जोडत.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. एका सीझनमध्ये आगट्यांची नेमबाजी बिघडली. एरवी त्यांच्या पाच गोळ्या कागदावर एका नाण्याखाली झाकतील एवढ्या जवळ पडायच्या. त्या फाकायला लागल्या, आधी पेल्याच्या तोंडाएवढ्या, मग बशीएवढ्या. कॉफीरूममध्ये ते मला कागद दाखवीत. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण भोकं लांब लांब आहेत हे कुणालाही कळलं असतं.

"लाकूड फुगलंय, दातारबाई," ते म्हणाले. "या देशाच्या हवेत माणसं फुगतात, लाकडाचं काय!"

रायफल त्यांनी कारखान्यातून आली तशी विकत घेतली होती. तिचा लाकडी दस्ता, ज्याला ते स्टॉक म्हणत, तो बदलायचं त्यांनी ठरवलं. अक्रोडाचा नवा दस्ता पोस्टाने आला. तो दुसऱ्याच कंपनीने केलेला, त्या जातीच्या कुठल्याही रायफलला बसेल असा. "सगळ्यांना बसतं ते कुणालाच बसत नाही," असं म्हणून आगट्यांनी गॅरेजमध्ये बैठक मांडली.

त्यांनी मला एकदा नेऊन दाखवलं म्हणून सांगू शकते. रायफलच्या नळीच्या मुळाशी खालच्या अंगाला पोलादाचा एक छोटा ठोकळा असतो, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. त्याला लग म्हणतात. दस्त्यात त्याच्यासाठी खाच असते. गोळी सुटली की रायफल मागे लाथ मारते, आणि ती सगळी लाथ तो लग लाकडाला देतो. लगची मागची बाजू खाचेच्या भिंतीला पूर्ण टेकलेली हवी. बाकीच्या बाजू मोकळ्या हव्यात. मागे कागदाएवढी जरी फट राहिली, तरी प्रत्येक गोळीला रायफल दस्त्यात सरकते आणि पुढची गोळी भलतीकडे जाते. काही वर्षांत दस्ता चिरतो.

"म्हणजे मागे भक्कम आधार हवा आणि पुढे मोकळीक," मी म्हणाले.

"एवढं मुलाच्या बाबतीत कळलं असतं तर माझे सासरे सुखी झाले असते," चहा घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या.

नव्या दस्त्यातली खाच मोठी थोरली आणि तिरकी होती. मागची भिंत लगला एकाच कोपऱ्यात टेकत होती. डेरेकने फोनवर सोपा उपाय सांगितला: मागे एपॉक्सीचा लगदा भर, लग दाब, वाळू दे, सगळे तेच करतात. आगट्यांनी हा सल्ला साफ उडवून लावला. रोज माणसांच्या हाडात सिमेंट भरणारा हा गृहस्थ लाकडात सिमेंट घालायला तयार नव्हता. "सिमेंट घातलं की बसतं सगळं," ते मला म्हणाले, "पण आधी कुठे चुकत होतं ते मग कधीच कळत नाही. मला ते कळायला हवंय."

मी तेव्हा हे त्यांच्या विक्षिप्तपणाच्या खात्यात जमा केलं.

खाचेची मागची भिंत आत सरळ कोरून तिथे त्यांनी अक्रोडाचीच एक चकती चिकटवली आणि मग ती चकती लगशी जुळवायला घेतली. त्यासाठी त्यांना काळा रंग हवा होता, पातळ थर देणारा. वहिनींची काजळाची डबी गेली. करंगळीने लगला काजळ फासायचं, नळी सरळ दस्त्यात उतरवायची, लाकडी मोगरीने एक टोला द्यायचा, पुन्हा सरळ वर उचलायची. जिथे लाकडाला लग लागला तिथे काळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका खरवडायचा. पुन्हा काजळ, पुन्हा टोला. खरवडायला थिएटरमधून मोडीत निघालेली हाड खरवडायची चमची होती. सगळ्या भिंतीवर सारखा काळा रंग उमटेपर्यंत हे चालणार होतं. उन्हाळाभर रोज संध्याकाळी चाललं.

स्लाऊच्या दुकानातून वहिनी काजळाच्या डब्या घेऊन येत. दुकानदाराने विचारलं म्हणे, "घरात बाळ आहे का?" वहिनी म्हणाल्या, "आहे. सहा फुटी."

त्याच उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. मिस्टर विल्यम्सनी आगट्यांना बोलावून सांगितलं, की नव्या वर्षापासून गुरुवारची लिस्ट तुझी. तुझ्या नावावर, तुझे पेशंट, तू ठरवशील ते ऑपरेशन. केवढी मोठी गोष्ट होती ही, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. एवढी वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या नावाच्या पाटीखाली उभा राहून कापत होता. वहिनींनी पुरणपोळ्या करून थिएटरमध्ये पाठवल्या. आगटे मात्र पोळीवर लिंबू पिळायचेच काय ते बाकी होते, इतका आंबट चेहरा करून बसले होते. "अहो, हसा की जरा," मी म्हटलं. ते म्हणाले, "दस्ता होऊ दे."

तेव्हा मला वाटलं, काय हा माणूस! एवढी वर्षं वाट बघितलेलं ताट पुढे आलंय आणि याचं लक्ष लाकडात. आता कळतं, की त्यांना शंका आली होती. नेम चुकतोय तो लाकडामुळे की हातामुळे, एवढा एकच प्रश्न त्या गॅरेजमध्ये चालला होता. लाकूड निघालं तर गुरुवार त्यांचा. हात निघाला तर काहीच त्यांचं नाही. म्हणून त्यांना सिमेंट नको होतं.

दसरा आला तेव्हा खाच पूर्ण झाली होती. त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवली. सगळी भिंत एकसारखी काळी. लग आत उतरवला की टोला न देता, हलका उसासा सोडून बसायचा. "ऐकलंत?" ते म्हणाले. हवा बाहेर पडण्याचा तेवढाच आवाज. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. खंडेनवमीला रायफल सुटीच ठेवलेली होती, एका बाजूला नवा दस्ता, एका बाजूला नळी उलटी, लग वर. पूजा झाली, आम्ही जेवलो, दुसऱ्या दिवशी त्यांनी रायफल जोडली आणि रविवारी रेंजवर गेले.

गोळ्या बशीएवढ्याच फाकल्या.

सोमवारी थिएटरमध्ये त्यांनी लिंबू काढलं नाही. पोहे तसेच कोरडे खाल्ले. दोन दिवसांनी मात्र सकाळीच माझ्या खोलीत आले ते जवळजवळ धावत. हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. ते हयात असते तर मला सोडलं नसतं.

"सापडलं! बाई, सापडलं! कुंकू!"

त्यांनी रायफल पुन्हा खोलली होती. खाचेच्या तळच्या कोपऱ्यात, लगच्या अगदी मागे, लाल रेघ. वहिनींनी पूजेच्या दिवशी लगला कुंकू लावलं होतं. आगट्यांनी पुसलं होतं, पण तेलात कालवलेलं ते कुंकू कडेला राहिलं आणि जोडताना आत जाऊन थापलं गेलं. कागदाएवढा थर. म्हणजे लग मागे टेकतच नव्हता, कुंकवावर टेकत होता. आता ते त्यांनी खरवडून साफ केलं होतं.

"उन्हाळाभर मी केसाचा फरक काढतोय आणि या बाईने तिथेच कुंकू फासलं!" ते ओरडत होते, पण डोळे हसत होते. घरी मात्र ते हसले नव्हते. वहिनींनी मला नंतर सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदाच ते त्यांना टाकून बोलले. अडाणी म्हणाले. इंग्लंडमध्ये येऊनही डोकं गावात राहिलं म्हणाले. वहिनींनी ऐकून घेतलं. "एवढे महिने त्या लगचंच कौतुक चाललेलं," त्या मला म्हणाल्या, "म्हणून म्हटलं त्यालाच आधी लावावं. त्यांचं काम नीट होऊ दे म्हणून लावलं हो."

त्या आठवड्यात आगट्यांनी थिएटरमध्ये शीळ वाजवली. नर्सना स्लाऊ-रीडिंगचा प्रश्न विचारला. गुरुवारच्या लिस्टला भूल द्यायला कुणाला घ्यायचं यावर माझ्याशी वाद घातला आणि मग मलाच घ्यायचं ठरवलं. शुक्रवारी जाताना दारात थांबून म्हणाले, "रविवारी मोकळ्या आहात? रेंजवर याल? डॉक्टर म्हणून."

"कुणाला काय झालंय?"

"ते तुम्ही सांगायचं."

ऑक्टोबरची सकाळ होती, ओली आणि करडी. रेंजवर सात-आठ म्हातारे इंग्रज थर्मासमधून चहा पीत उभे होते. आगट्यांनी सतरंजी अंथरली, जाकिटाचा पट्टा दंडाला आवळला, कानाला लावायचे गोळे मला दिले आणि म्हणाले, "टार्गेटकडे बघू नका. त्यासाठी डेरेकची दुर्बीण आहे. तुम्ही माझ्या उजव्या हाताकडे बघायचं."

ते पालथे पडले. दस्ता गालाला लावला. मी त्यांच्या कोपराशी उकिडवी बसले. भूल देणाऱ्यांचं आयुष्यच मुळी बघत बसण्यात जातं, त्यामुळे ते काम मला नवीन नव्हतं. बोल्ट ओढताना हात पक्का होता, गोळी भरताना पक्का होता. मग हात दस्त्याच्या बारीक मानेवर विसावला, बोट घोड्यापाशी आलं आणि ते थांबले. श्वास सोडून थांबणं, हीच तर नेमबाजी. दोन क्षण काही नाही. आणि मग अंगठा पहिल्या बोटावर हळूहळू फिरायला लागला, वातीला पीळ देतात तसा. ते पीळ देत नव्हते. तो आपोआप पडत होता.

पाच गोळ्यांना पाच वेळा मी ते पाहिलं. मेडिकलच्या कुठल्याही पुस्तकात कंपवाताखाली त्याचं चित्र असतं.

डेरेकने दुर्बिणीतून बघून नकारार्थी मान हलवली. आगटे उठले, म्हणाले, "यू हॅव अ गो, डेरेक." डेरेक कुरकुरत पालथा पडला. त्याला अक्रोडाचा दस्ता थोडा लांब होत होता, जाकीट दुसऱ्याचं होतं, रायफल अनोळखी होती. त्याने पाच गोळ्या झाडल्या आणि उठून आनंदाने म्हणाला, "बाय जोव्ह, डॅटी, यू कुड कव्हर देम विथ अ पेनी! ब्युटिफुल जॉब! देअर्स नथिंग राँग विथ दॅट स्टॉक!"

आगट्यांनी त्याचे आभार मानले. कागद घडी करून खिशात ठेवला. आम्ही गाडीत येऊन बसलो. काचा धुरकटल्या होत्या.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं."

"थिएटरमध्ये?"

मी आठवून पाहिलं. "नाही. कधीच नाही."

"काम करताना नाही येत तो. हात चालता असला की गप्प. थांबला की सुरू. म्हणजे अजून चार-पाच वर्षं कुणाला कळायचं नाही. तुमचा पडदा तर आहेच." ते हे इतकं थंडपणे बोलत होते, जसा एखादा पेशंट समोर बसलाय.

मला रडू येत होतं. मी म्हटलं, "अहो, औषधं आहेत. आणि लिस्ट नुकतीच... एकदम काही ठरवू नका. काम तर व्यवस्थित करताय."

"जवळजवळ," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी ते विल्यम्सना भेटले. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. गुरुवारची लिस्ट एका तरुण पोराला गेली, जो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. आगटे आऊटपेशंटला बसायला लागले, मोडलेल्या हातांचे एक्सरे बघायला. उजवा हात पांढऱ्या कोटाच्या खिशात. सगळ्यांना वाटायचं, लिंबू चाचपतायत.

घरी गेल्यावर त्या रविवारी त्यांनी वहिनींना सांगितलं, की कुंकवाचा दोष नव्हता. वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या रागावलेल्या होत्या. "मला म्हणतात, तू लावलेलं कुंकू नव्हतं गं ते. देवाशपथ सांगते, मला वाटलं, कुंकूच असतं तर! शंभर वेळा अडाणी म्हणाले असते तरी चाललं असतं."

त्यानंतरच्या हिवाळ्यात एकदा दुपारी वहिनींचा फोन आला. एरवी त्या ‘अहो दातारबाई’ने सुरुवात करून हवापाणी, भाजीचे भाव असं करत मुद्द्यावर यायच्या. त्या दिवशी सरळ म्हणाल्या, "त्या कपाटाची किल्ली कुठे असते ते मला माहीत नाही. कायद्याने मला माहीत असता कामा नये म्हणे. हे हल्ली त्या जिन्यासमोर खुर्ची टाकून बसतात. बोलत नाहीत. मग मी पण बसते. दोघं बसतो." त्यांना कसली भीती वाटते ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. मी गाडी काढली आणि गेले.

आगट्यांनी दार उघडलं. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "सुलभेने बोलावलं?"

"हो."

"तिला वाटतंय की मी..." ते थांबले. मागे स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. ते वळून बघत राहिले. त्या बाईच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, काजळ नव्हतं ते. "तू रोज अशीच बसतेस होय माझ्याबरोबर?" ते म्हणाले. "मला वाटलं, तू देवापुढे बसतेस."

"देवापुढेच बसते," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी माझ्यासमोर पोलिसांना फोन केला. दुसऱ्या दिवशी तोच मोज्यावाला अधिकारी आला. आगट्यांनी स्क्रू काढले, नळी दस्त्यातून सरळ वर उचलली. हात चालता होता, त्यामुळे जराही हलला नाही. लोखंड सगळं त्याच्या हवाली केलं. लाकडाला लायसन्स लागत नाही. दस्ता घरात राहिला.

यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. तो आजार काय करतो ते मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि त्याने तेच केलं, काही सोडलं नाही. चाल गेली, अक्षर गेलं, चेहऱ्यावरचं हसू गेलं. आवाज इतका बारीक झाला, की त्यांचा तो रीडिंग-स्लाऊचा प्रश्न नव्या नर्सना ऐकूही आला नसता. रेवा युनिव्हर्सिटीतून सुटीत यायची आणि त्यांना दाढी करून द्यायची. "बाबा, स्टे स्टिल ना," ती म्हणायची, आणि मग स्वतःचीच जीभ चावायची.

नव्वदचं दशक सरत आलं असताना मी त्यांना शेवटचं पाहिलं. खंडेनवमी होती. पलंग खालच्या खोलीत आणला होता, जिन्यासमोर. वर देव, खाली भिंतीला आवळलेलं रिकामं कपाट. बोल्ट काढायला कुणाला वेळ झाला नव्हता. पाटावर हातोडी, दोन छिन्न्या आणि अक्रोडाचा दस्ता मांडलेला. लाकूड हाताळून हाताळून काळसर चमकत होतं. आगटे खुर्चीत, अंगावर शाल. मला बघून त्यांच्या डोळ्यांत ओळख हलली. मी खिशातून लिंबू काढून दाखवलं. चेहरा हलला नाही, पण मला वाटतं ते हसले.

वहिनींनी हातोडीला हळदकुंकू लावलं. छिन्न्यांना लावलं. दस्त्याच्या टोकाला लावलं. खाचेपाशी आल्यावर त्यांचं बोट थांबलं. त्या वर्षापासून त्यांनी तिथे कधी कुंकू नेलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

आगटे काहीतरी बोलले. कुणालाच कळलं नाही. वहिनींनी त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. ते पुन्हा बोलले आणि या वेळी मलाही ऐकू आलं.

"लाव. आता तिथे काय बसायचंय?"

वहिनींनी लावलं. खाचेच्या मागच्या भिंतीला, जिथे उन्हाळाभर त्यांचं काजळ लागत होतं तिथे. मग त्यांनी दस्ता उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. आगट्यांनी उजवा हात उचलला. सावकाश, पण सरळ, न थरथरता तो खाचेपर्यंत आला आणि अंगठा आत उतरला. बरोबर बसला. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा, काही बसायचं नाही म्हणतात."

मी निघाले. दारात बूट घालायला वाकले तेव्हा आतून आवाज यायला लागला. हात थांबला होता, त्यामुळे कंप सुरू झाला होता, आणि दस्त्याचं टोक खुर्चीच्या दांड्यावर वाजत होतं. बोदा आवाज, सारखा, न थांबता. बुटाची नाडी बांधून होईपर्यंत मी तो ऐकत राहिले. वहिनींनी दस्ता काढून घेतला नाही.